स्वयंपाकघरातून गॅरेजात उघडणारं दार

आयुष्यातलं पहिलं घर बांधलं तेव्हा मी त्यात संडास काढायला विसरले. हॉल झाला, झोपायची खोली झाली, खिडक्यांना पडदे लागले, अंगणात जास्वंदीसारखी कसलीशी झाडंही आली. मग त्या घरात राहायला आणलेला बाप्या हॉलच्या मधोमध पाय आवळून उभा राहिला आणि वर माझ्याकडे बघून हात हलवायला लागला. मला वाटलं, घर आवडलंय, आभार मानतोय. मीही इकडून हात हलवला. शेवटी त्या गरिबाने तिथेच फरशीवर काय ते उरकलं आणि तोंड झाकून रडत बसला. माझी लेक हसता हसता कॉटवर आडवी झाली.

बाप्या कंप्यूटरमधला होता आणि घरही कंप्यूटरमधलंच. पण बांधणारी मी खरी होते, आणि मला वाटलेली लाजही खरी होती.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. लेक महाडच्या कॉलेजात शिकत होती. तिच्या अभ्यासासाठी म्हणून घरात कंप्यूटर आला आणि त्याच्या मागोमाग मुंबईच्या मावसबहिणीकडून एक सीडी आली. त्या खेळात माणसं तयार करायची, त्यांना जागा द्यायची, घर बांधून द्यायचं. मग त्यांना सकाळी उठवायचं, खायला घालायचं, कामाला धाडायचं, खरकटी भांडी उचलायला लावायची.

"आई, तू दिवसभर हेच करतेस," लेक म्हणाली. "आणि संध्याकाळी बसून परत हेच?"

"तिथं हुकूम मी सोडते," मी म्हटलं. "हितं मला सोडतात."

तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. चाळिशी उलटलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर कमरेला खोचलेला आणि माउस असा गच्च धरलेला की लेक म्हणायची, आई, सोड त्याला, तो कुठे पळत नाही. कढईत भाजी करपायची, मी इकडे दुसऱ्याच्या घराला रंग देत असायची. आता नातीला हे सांगितलं की ती म्हणते, आजी, तू ॲडिक्ट होतीस. होते तर होते. कोणाच्या बापाचं काही खाल्लं नव्हतं.

मग त्याच खेळाची दुसरी एक सीडी आली, तिच्यात मोटारी होत्या आणि मोटारींसाठी गॅरेज. तोपर्यंत मी एक बाई तयार केली होती. वय माझं दिलं होतं, पण कंबर माझ्या लग्नातली. तिला नोकरी लावली, गाडी घेऊन दिली, लेकीच्या मदतीने घराला लागूनच एक गॅरेज काढलं. सकाळ झाली. बाईने चहाचा कप ओट्यावर ठेवला, स्वयंपाकघराच्या बाजूचं दार उघडलं, गॅरेजात गेली, गाडीत बसली आणि निघून गेली. घरात तिचा नवरा होता, एक म्हातारी होती. कोणी मानसुद्धा वर केली नाही.

"परत दाखव," मी लेकीला म्हटलं.

"काय परत?"

"ती गेली ते."

"त्यात काय बघायचंय? ऑफिसला गेली."

"कोणी विचारलं नाय तिला, कुठं चाललीस म्हणून."

"गेममध्ये तसं विचारत नाहीत गं."

"मग खेळ चांगला हाय," मी म्हटलं.

आमच्या खऱ्या घराला ओटी होती आणि ओटीवर सासूबाई होत्या. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, पुढ्यात सुपारीचा डबा. मागलं दारही होतं, पण ते परसात उघडायचं. परसाला सगळीकडून दगडांचा गडगा, आणि त्यातून रस्त्यावर यायचं तर वळसा घालून ओटीसमोरूनच यावं लागे. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून मी घराबाहेर पाऊल टाकलं की एक प्रश्न ठरलेला. कुठं चाललीस गो? दळणाला. मग, एकटीच? मग, येणार कवा? मग, पिशवी एवढी मोठी कशाला? सासूबाई दुष्ट नव्हत्या हो. त्यांना विचारायची सवय होती आणि मला उत्तर द्यायची. पण उत्तर देऊन देऊन माझ्या जिभेला घट्टे पडले होते. लेकीने विचारलं, तू आजीला सांगत का नाहीस, विचारू नका म्हणून? तेव्हाच्या मला ते सुचलंच नव्हतं! मी थेट भिंत फोडायच्या विचारात होते.

तर मी गॅरेजवाली घरं बांधायला घेतली. घराला चिकटलेलं गॅरेज आणि आतून दार. पण पहिली कितीतरी गॅरेजं फुकट गेली, आणि त्याचं कारण मी महाडची. महाडचा माणूस घर बांधायला निघाला की खोल्या किती ते मागाहून विचारतो, जोतं किती उंच ते आधी. सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरताना बघितलेल्या बाईला जमिनीच्या सपाटीला घर बांधणं जमेल कसं? मी आधी उंच जोतं घालायची, त्यावर घर आणि त्याच जोत्यावर गॅरेज. आणि गाडी राहायची रस्त्यावर. मालक कमरेवर हात ठेवून एकदा गाडीकडे बघायचा, एकदा माझ्याकडे.

"आई, गाडी जोत्यावर चढत नाही. आणि इथे जोतं कशाला हवंय? ह्या गावाला नदीच नाहीये."

"आज नाय."

"मग उद्या कुठून येईल?"

"आपल्याकडं येते ती काय विचारून येते?"

लेकीने कपाळावर हात मारला. पण मी जोतं सोडलं नाही. आजही कोणी मला घर बांधायला बसवलं तर मी आधी जोतं घालीन. मग युक्ती काय, तर घर वर ठेवायचं, गॅरेज खाली, जमिनीला टेकलेलं, आणि स्वयंपाकघराच्या दारातून दोन-तीन पायऱ्या आत उतरायच्या. हे मला कोणी शिकवलं नाही, आणि मी मोठी हुशार म्हणूनही सुचलं नाही. माझं माहेर तसंच होतं.

माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत. तिथे गोठा घरातच. पावसाळ्यात वारा असा सुटतो की जनावर वेगळं बांधून चालत नाही. एकाच छपराखाली अर्ध्या भागात माणसं, अर्ध्यात गुरं, मध्ये कुडाची भिंत आणि भिंतीत दार. गोठ्याची जमीन खाली, म्हणजे मूत घराकडे वाहत नाही. त्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की म्हशींच्या अंगाची ऊब, आणि पलीकडे बाहेर जायला गोठ्याचा दरवाजा. माझी आई, चुलत्या, आजी, सगळ्या तिथूनच बाहेर पडत. आमच्याकडे बाईला बाहेर जायला कारण लागत नसे, नुसती म्हैस पुरे. म्हशीला बघून येते म्हटलं की कोणी पुढे विचारत नसे, मग ती तासाभराने आली तरी.

तर माझ्या खेळातली गॅरेजं म्हणजे आमचे गोठेच होते. छप्पर काही जुळायचं नाही. घराचं एका उंचीवर, गॅरेजचं दुसऱ्या, आणि मध्ये एक कोपरा हवेत लोंबकळायचा. मी दिवसच्या दिवस त्या कोपऱ्याशी झगडले. एकदा कसंबसं जुळलं, मी आनंदाने हाक मारणार तेवढ्यात लाइट गेली. भारनियमन. सेव्ह करायचं असतं हे मला माहीत होतं, पण करते कोण! अंधारात बसून मी विजेच्या खात्याला अशा शिव्या घातल्या की ओटीवरून सासूबाईंनी विचारलं, "कोण मेलं गो?"

सासूबाई एकदा आत येऊन पडद्यासमोर वाकल्या. मी त्या घरात आमची सगळी माणसं करून ठेवली होती. नवरा केला होता. त्याला एकदा भांडणानंतर मी बिनदाराच्या खोलीत ठेवलं होतं. तो भिंतीवर हात आपटत होता आणि मी शांतपणे भात लावला होता. म्हातारीही केली होती.

"ही थेरडी कोण?"

"तुम्हीच की."

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "मी एवढी वाकलेली हाय?"

"थोड्या सरळच केल्यात तुम्हाला."

"नुसती बसून काय हाय ती?"

"तुम्ही काय करता?"

"मी घरावर लक्ष ठेवते," त्या म्हणाल्या. मग जाता जाता, "चा दे तिला. कवापासून बसलीय."

त्यानंतर रोज संध्याकाळी ओटीवरून हाक यायची, माझं जेवण झालं का गो आत? मी ओरडून सांगायची, झालं, आता टीव्ही बघताय. त्यांना बरं वाटायचं.

त्याच वर्षी आमच्या ह्यांनी खरं घर बांधायचं काढलं. हे एमआयडीसीत केमिकलच्या कारखान्यात ऑपरेटर, तीन पाळ्यांची नोकरी. कंपनीची बस नाक्यावरून उचलायची. तरी ह्यांनी एक जुनी व्हॅन घेतली होती. ती कुठे नेण्यासाठी नव्हती, पुसण्यासाठी होती. सुट्टीच्या दिवशी जुन्या लेंग्याने तिचा एकेक कोपरा पुसायचे. मला आयुष्यात कोणी तसं पुसलं नाही. जुन्या घराच्या शेजारच्या आमच्याच जागेत चिऱ्याचं स्लॅबचं घर उठायचं होतं. कॉन्ट्रॅक्टरने काढलेला नकाशा ओटीवर पसरला तेव्हा मी चहा घेऊन गेले आणि वाकून बघितला. गॅरेज होतं, पण घरापासून लांब, जागेच्या पार कोपऱ्यात.

"हे घराला चिकटवा," मी म्हटलं.

"का?"

"एक भिंत वाचेल."

ह्यांचा चेहरा खुलला. भिंत वाचते म्हटल्यावर ह्यांना मी हुशार वाटायला लागले. गॅरेज स्वयंपाकघराला येऊन लागलं. घराला उंच जोतं, गॅरेज खाली. माझ्या खेळातल्यासारखंच! मग मी बोट ठेवून म्हटलं, "आणि हितं एक दार."

"घरातून गॅरेजात?"

"हो."

"पेट्रोलचा वास घरात येईल. दार नाय."

सासूबाईंचं कारण वेगळं होतं. "घरातून गाडीच्या गोठ्यात दार? आपण काय डोंगरावरचे हाव? जनावरांच्या वासात बसून जेवायला?"

लग्न झाल्यापासून हे ऐकत होते मी. खाली नदीकाठी भातशेतीची जमीन असलेली ही माणसं, आणि मी वरच्या वाडीतली, म्हशींबरोबर झोपणारी. एरवी मी गप्प बसायची आणि आत जाऊन भांडी आपटायची. त्या दिवशी म्हटलं, "मी हाय डोंगरावरची. तुम्ही बघून आणलीत."

कॉन्ट्रॅक्टर चहात बुडाला होता तो वर आलाच नाही. "दार नाय," हे परत म्हणाले आणि नकाशाची गुंडाळी केली.

तेव्हा मला काय झालं होतं कोण जाणे. हातात एका पैची सत्ता नाही, गाडी चालवता येत नाही, गाडी माझी नाही आणि मी दारासाठी पेटलेले! आज विचार केला की हसू येतं. घोडा नाही आणि रिकिबीसाठी भांडण. पण तेव्हा ते दार नाही झालं तर मी ह्या नव्या घरातही उत्तरं देत देत मरणार, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

मी माझ्या भावाला निरोप धाडला. त्याच्या परसात फणसाचं झाड पडलं होतं, त्याचं लाकूड चिरून ठेवलेलं होतं. एक चौकट करून पाठव, मी कळवलं. कसली, कशाला, त्याने विचारलं नाही. भाऊ डोंगरावरचा.

घराची मुख्य चौकट बसवायचा दिवस आला. आमच्याकडे चौकट अशी उगाच उभी करत नाहीत. मुहूर्त बघतात, आंब्याचे टहाळे बांधतात, आणि घरच्या सवाशिणीने चौकटीला हळदकुंकू लावल्याशिवाय गवंडी तिला हात लावत नाही. भटजी आले होते, आळीतल्या बायका आल्या होत्या, ह्यांनी पाळी बदलून घेतली होती. एवढ्यात पोलादपूरचा टेम्पो येऊन उभा राहिला आणि त्यातून माझी फणसाची चौकट उतरली. पिवळीधमक, अजून लाकडाचा वास येणारी.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"चौकट."

"मेन चौकट तर ती हाय."

"ही गॅरेजच्या दाराची."

"आपलं ठरलंय ना, दार नाय म्हणून?"

"तुमचं ठरलंय. माझं कुठं ठरलंय?"

आणि मी हळदकुंकवाचं ताट घेऊन चिऱ्यांच्या राशीवर जाऊन बसले. नवी साडी, नाकात नथ, आणि चिऱ्याची लाल माती साडीला. "दोन्ही चौकटी बसणार असतील तर उठते," मी म्हटलं. "नायतर कुंकू तुमचं तुम्ही लावा."

"तमाशा नको. लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना बघायलाच बोलावलंय."

आळीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. हसत होत्या की घाबरल्या होत्या, ते मला आजतागायत कळलं नाही. भटजी घड्याळ बघत होते. गवंडी बिडी काढून लांब जाऊन उभा राहिला. त्याला अशा प्रसंगांची सवय असावी. ह्यांनी आईकडे बघितलं. आईने नेहमी ह्यांची बाजू घेतली होती.

"मला चाललं असतं तर मीच लावून मोकळी झाले असते," सासूबाई म्हणाल्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. "आता मुहूर्त टळला तर घराला अपशकुन. बसव रे ती पण चौकट. डोंगर तर डोंगर."

ह्यांनी हात वर केले. मी उठले, साडी झटकली, मुख्य चौकटीला हळदकुंकू लावलं. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. भटजींनी मंत्र जरा जोरातच म्हटले. मग मी फणसाच्या चौकटीपाशी आले आणि करंडा सासूबाईंच्या पुढे धरला.

"हिला तुम्ही लावा."

"माझ्या हातानं?"

"गाडीच्या दाराला कुठलं शास्त्र? भटजी, हाय का काय?"

भटजी नारळ पिशवीत भरत होते. ते म्हणाले, त्यांच्या पोथीत गॅरेज नाही.

सासूबाईंनी इकडेतिकडे बघितलं. मग चिमटीत कुंकू घेतलं आणि फणसाच्या लाकडाला लावलं, वाकडं, थोडं जास्तच. बोट पुसायला पदर धरला आणि तसाच हातात ठेवला. मी बायकांकडे वळून बघितलं, कोणी काही म्हणतंय का. म्हटलं असतं तर मी परत चिऱ्यांवर बसले असते.

घर झालं. स्वयंपाकघरातून दार, तीन पायऱ्या आणि खाली व्हॅन. पहिल्या दिवशी मी त्या पायऱ्या इतक्या वेळा चढले-उतरले की ह्यांना वाटलं खाली काहीतरी सांडलंय. आता राहिलं होतं गाडी चालवणं, जे खेळात एका क्लिकवर येतं. हे शिकवणार नव्हते. गिअर बिघडेल, म्हणाले. मी बाजारातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि घरात सांगून घातलं, लपूनबिपून नाही.

"बायको गाडी शिकते म्हंजे नवऱ्याचे हात मोडले काय?" सासूबाईंनी विचारलं.

"नाय. बायकोचे फुटले."

रोज क्लासला निघाले की व्हरांड्यातून प्रश्न. कोण शिकवतो? बाप्या हाय? मागं कोण बसतं? काल कुठपर्यंत गेलात? मी रोज उत्तरं देत होते आणि मनात त्या फणसाच्या दाराकडे बघत होते. लायसनसाठी पेणला गेले. साहेबांनी गाडी मागे घ्यायला लावली आणि मी त्यांचा एक दांडा पाडला, तो नीट उभा करून परत घेतली. लायसन मिळालं. त्यावरच्या फोटोत मी चोरी करून आल्यासारखी दिसते.

मग तो दिवस उजाडला. हे पहिल्या पाळीला गेले होते, लेक कॉलेजला. सासूबाई नव्या घराच्या व्हरांड्यात, सुपारीचा डबा पुढ्यात. व्हरांडा पुढच्या बाजूला, गॅरेज बाजूला, आणि मध्ये भिंत. अगदी मी खेळात काढलं होतं तसं. मी चहाचा कप ओट्यावर ठेवला. मुद्दाम ठेवला, त्या खेळातल्या बाईसारखा. पर्स घेतली. दार उघडलं, ते वाजलंसुद्धा नाही. तीन पायऱ्या उतरले. गाडीत बसले, किल्ली लावली, आरशात कुंकू ठीक केलं. आणि समोर बघितलं.

समोर शटर होतं.

खेळातल्या गॅरेजचं दार गाडी आली की आपोआप वर जातं, पिसासारखं. आमच्या ह्यांनी व्हॅनच्या काळजीने दुकानाला असतं तसलं लोखंडी शटर बसवलं होतं. नवीन, तेल न घातलेलं. चौकटीसाठी रणकंदन केलं, जोत्याची उंची मोजली, पायऱ्या मोजल्या, पण त्या शटरचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. एवढी मी शहाणी!

उतरले आणि शटरला हात घातला. असा खडखडाट झाला की समोरच्या छपरावरचे कावळे उडाले. समोरच्या घरातून एक बाई ओले हात घेऊन बाहेर आली, पलीकडच्या घराची खिडकी उघडली, कुत्री भुंकायला लागली. अर्धं शटर वर जाऊन अडकलं. मी पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी ढकलून ते पार वर पोचवलं. सगळ्या महाडला कळलं असेल.

सासूबाई भिंतीच्या कडेने पुढे आल्या. "कुठं चाललीस गो?"

आणि खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतके महिने मी जायच्या दारासाठी भांडले, पण जायचं कुठे, ते ठरवायचं राहून गेलं होतं. बाजार? तो पायी दहा पावलांवर. सव गावाला, गरम पाण्याच्या कुंडांवर? माझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते. माहेर? तिथे जायला घाट, आणि मी पहिल्यांदाच एकटी. जिभेवर जुनी उत्तरं येऊन रांगेत उभी राहिली. दळण, रेशन, डॉक्टर. कुठलंही एक उचललं असतं तरी चाललं असतं. सासूबाई वाट बघत होत्या, समोरची बाई हात पुसायचं विसरली होती.

"ठरवलं नाय अजून," मी म्हटलं.

"ठरवलं नाय म्हंजे?"

"निघाल्यावर ठरवीन."

"आणि येशील कवा?"

"ते पण निघाल्यावर."

इतक्या वर्षांत सासूबाईंचा पुढचा प्रश्न पहिल्यांदा तयार नव्हता. मग सापडला. "आणि हे शटर कोण ओढणार?"

"राहू दे उघडं."

मी गाडीत बसले. गाडी सुरू झाली, एक उडी मारली आणि बंद पडली. परत सुरू केली, परत बंद. पलीकडच्या खिडकीत जमलेली पोरं हसली. मी काचेतून त्यांच्याकडे असं बघितलं की हसणं आत गेलं. तिसऱ्यांदा गाडी निघाली. "डावीकडं भिंत हाय बघ!" सासूबाई ओरडल्या. दिसत होती मला भिंत. मी काढली होती ती.

गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत रडत आळीतून निघाली, बाजाराच्या कडेने हायवेला लागली आणि तिथे मी थांबले. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला पोलादपूर. इकडे जावं की तिकडे? मागे एक ट्रक येऊन उभा राहिला आणि हॉर्न वाजवायला लागला. मग ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "ओ मावशी, जायचंय कुठं?"

मी काच वर केली. तो वाजवत राहिला. मी त्याला वाजवू दिलं, आणि ठरवायला मला जेवढा वेळ हवा होता तेवढा घेतला.